नावेतली मागची फळी

ज्या माणसाने अर्धं आयुष्य देवाला तारेने वर उचलण्यात आणि दोरीने खाली सोडण्यात घालवलं, त्याने देवाच्या कृपेबद्दल लिहायला बसावं, हे माझं मलाच जरा अवघड वाटतं. मी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत सिनेमाच्या ट्रिकचं काम करत होतो. पडद्यावर दगडाची मूर्ती हसायची, रिकाम्या झोळीतून धान्याची रास पडायची, संताच्या डोक्यामागे तेजाचं वलय उमटायचं, ते सगळं करणारा मी. स्टुडिओतली माणसं मला 'चमत्कारमास्तर' म्हणत आणि मीही त्या नावाला ओ देई. घरच्या देव्हाऱ्यापुढे मात्र हात जोडायचे म्हटलं की मला हसू येई. काळी मखमल कुठे टांगली आणि तार कुठून सोडली हे ज्याला ठाऊक, त्याने भाविक व्हायचं तरी कसं, असा माझा रोकडा सवाल होता. आमची ही दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला जाई. निघताना दारातून विचारी, "येताय?" मी म्हणे, "देवीला माझा नमस्कार सांग. म्हणावं, आपण एकाच धंद्यातले." ती कधी रागावली नाही, आणि विचारायची थांबलीही नाही.

एक खोड मात्र मला होती. आपला सिनेमा थिएटरात लागला की मी पडद्याच्या कडेला, अंधारात, भिंतीला पाठ लावून उभा राही आणि पडद्याकडे न बघता माणसांच्या तोंडाकडे बघत राही. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती, संस्थानही विलीन झालं होतं, पण माणसं संतपटाला यायची ती देवळात आल्यासारखी. बायका चपला बाहेर काढून येत. कुणी पडद्यापुढे नारळ फोडी, कुणी पैसे उधळी. आणि तीच माणसं दुसऱ्या एखाद्या संतपटात बिनदिक्कत शेंगा खात बसत, पोरांना घेऊन बाहेर जात, गप्पा ठोकत. देव तोच, दाढी त्याच पेटीतली, अभंग म्हणणारा गळाही तोच. मग कुठल्या सोंगापुढे माणूस हात जोडतो आणि कुठल्या सोंगापुढे शेंगा सोलतो? या कोड्याने मला पछाडलं होतं. मी एक वही केली होती. तीत लोक कुठे खोकले, कुठे गप्प झाले, हे लिहून ठेवी. वही सांगत होती की संत उपदेश करू लागला की लोक खोकतात. संताला बायको बोलते, 'घरात मीठ नाही' म्हणते, तेव्हा थिएटर चिडीचूप होतं. आणि माझ्या चमत्काराला टाळ्या पडतात खऱ्या, पण टाळी वाजवलेले हात जोडले जात नाहीत. एकदा माझा देव आकाशातून उतरत असताना मागून आवाज आला होता, "अरं, तार दिसाय लागली की!" सगळं थिएटर हसलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण मी धडा घेतला तो एवढाच, की पुढच्या वेळी तार आणखी बारीक घ्यायची.

मग केरोबाचा सिनेमा आला. केरोबा हा कुठल्याही पोथीतला संत नव्हे. आमचे दिग्दर्शक अण्णा यांनीच तो कुणाकुणाच्या तोंडच्या गोष्टींवरून बेतला होता. नदीवर नाव चालवणारा एक भोळा नावाडी. गोष्टीचा कळस असा, की नदीला पूर आलेला, एक बाई आजारी लेकरू घेऊन पलीकडच्या वैद्याकडे निघालेली, बाकीचे नावाडी नाही म्हणतात आणि केरोबा नाव सोडतो. मधोमध त्याचं वल्हं मोडतं. तो दोन्ही हात आभाळाकडे उंचावून टाहो फोडतो आणि नावेच्या मागच्या टोकाला चतुर्भुज, मुकुटधारी नारायण प्रकटून नाव पैलतीराला नेतो. ते प्रकटणं माझ्याकडे होतं. अण्णा म्हणाले होते, "मास्तर, या एका शॉटवर सिनेमा तरणार किंवा बुडणार." मी म्हटलं, "तारतो."

केरोबाच्या कामाला अण्णांनी शिवाप्पा नावाचा गडहिंग्लजकडचा एक माणूस धरून आणला. घरचा ऊस होता, गावच्या नाटकांतून कामं केली होती, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कानडी वळणाचं. त्याला संताचा चेहरा करता येत नसे. अण्णा म्हणत, "शिवाप्पा, जरा डोळे वर, भक्तिभाव आण." आणि हा विचारी, "त्ये व्हय हो, पर आता हा माणूस करतोय काय? हातात काय हाय त्येच्या?" हातात काहीतरी काम दिल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नसे. दोरी वळता वळता अभंग म्हण म्हटलं तर असा म्हणे की सेटवरचे सुतारही रंधा थांबवत. मला मात्र तो अडाणी वाटायचा. सोंग वठवायला आलेल्या माणसाने सोंगाला काम मागावं, हे कसलं खूळ!

तो शॉट आम्ही स्टुडिओतल्या मोठ्या हौदात घेतला. फळ्या हलवून पुराच्या लाटा केल्या, नाव पाण्याखालून दोरीने ओढायची व्यवस्था केली, कॅमेरा खिळे ठोकून पक्का बसवला. कारण एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचं होतं. आधी केरोबाची नाव, मग ती फिल्म तशीच, न धुता, डब्यात बंद ठेवायची, आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यावरच काळ्या मखमलीपुढचा देव घ्यायचा. दोन्ही चित्रं एकात एक मिसळली की देव नावेत बसलेला. मी शिवाप्पाला बजावलं, "वल्हं मोडलं की जागचा हलू नकोस, हात वर कर. देव तुझ्या शेजारी येईल." कॅमेरा फिरू लागला. वल्हं मोडलं. शिवाप्पाने मोडक्या दांड्याकडे एकदा बघितलं, तो खाली ठेवला आणि हात वर करायचं सोडून सरळ उठला. मागच्या फळीवरची भिजलेली दोरी बाजूला केली, खांद्यावरच्या पंच्याने ती फळी नीट पुसली, आणि पुढे येऊन त्या बाईजवळ उतारूसारखा बसला, रिकामे हात मांडीवर ठेवून. नाव दोरीने हलली आणि पुढे सरकत गेली.

मी ओरडलो, "हे काय केलंस?"

"का? द्येव बसायचा हाय न्हवं मागं?" शिवाप्पा म्हणाला. "फळी वली हुती की."

"तुला हात वर करायला सांगितलं होतं!"

"मास्तर, माजा माव हिरण्यकेशीवर नाव चालवायचा." माव म्हणजे त्यांच्याकडे मामा. "नावाडी थकला की दुसऱ्याला बसाय देतो. देताना फळी पुसून देतो. वल्या फळीवर कुणाला बशीवत्यात व्हय? आन् एकदा जागा दिली की मग मागं वळून सांगायचं न्हाय, हिकडं मार, तिकडं मार. पुढं येऊन गप बसायचं."

मी कपाळाला हात लावला. पण फिल्मची तेव्हा टंचाई होती, उन्हाची तिरीपही कलली होती, आणि अण्णा का कोण जाणे बराच वेळ त्या नावेकडे बघत राहिले होते. ते म्हणाले, "राहू दे मास्तर. तुम्ही त्या फळीवर देव बसवा म्हणजे झालं." फिल्मचा डबा मी काळ्या कागदात गुंडाळून, वर 'उघडू नये' असं लिहून, धोंडीबाच्या ताब्यात दिला.

धोंडीबा हा आमच्याकडचा जुना गडी. डबे सांभाळायचे, इकडून तिकडे न्यायचे, हे त्याचं काम. त्याची एक रीत होती. शुक्रवारी दिवेलागणीला तो कॅमेऱ्याला हळदकुंकू लावी आणि आठवड्यातल्या सगळ्या डब्यांना निरांजनाने ओवाळी. मी त्याला चिडवत असे, "धोंडीबा, डब्यात व्हिलनसुद्धा आहे, त्यालाही ओवाळलंस?" तो म्हणे, "असू द्या की मास्तर, त्यो बी प्वाटासाठीच करतोय." नावेचा शॉट घेतला तो शुक्रवारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरातली वीज चमकवायची होती. मॅग्नेशियमची पूड पेटवून मी ती नेहमी करत असे. त्या वेळी डोळ्यांना काळा चष्मा लावायचा असतो. मी लावला नाही. शंभर वेळा न लावता केलं होतं, अंगात मस्ती होती, दुसरं काय! पूड दमट होती. पेटेना म्हणून मी वाकून बघितलं आणि ती वीज माझ्याच तोंडावर पडली. त्यानंतर मला पांढरं दिसलं, मग लाल, आणि मग काहीच नाही.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. म्हणाले, "महिना-सव्वा महिना पट्टी काढायची नाही. आत काय उरलं आहे ते तेव्हाच कळेल. मी खोटी आशा लावत नाही." ज्याचा सगळा संसार डोळ्यांवर चाललेला, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? बारीक तार, अर्ध्या सुताची खूण, उजेडातला केसाएवढा फरक, एवढीच काय ती माझी विद्या. मी अंथरुणावर पडून मनातल्या मनात सगळ्या वस्तू पुन्हा पुन्हा बघत असे, विसरून जाईन या भीतीने. रंकाळ्याचं पाणी बघे, आमच्या गल्लीतला पिंपळ बघे, हिचं तोंड बघे. हिचं तोंड आठवताना कपाळावरचं कुंकू तेवढं आठवे आणि बाकीचं निसटे, तेव्हा मला दरदरून घाम फुटे. इतकी वर्षं शेजारी राहून मी हिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, थिएटरातल्या परक्या तोंडांकडे बघत राहिलो होतो. प्रार्थना करावी असं अनेकदा वाटलं. पण कुणाला करायची? ज्याला आपणच तारेला बांधलं, त्याला कोणत्या तोंडाने हाक मारायची? ही मंगळवार-शुक्रवार देवळात जातच होती. आता दारातून 'येताय?' मात्र विचारत नव्हती. ते न विचारणं मला फार लागलं.

दुसऱ्या आठवड्यात धोंडीबा भेटायला आला. अंथरुणाच्या कडेला बसला. मग म्हणाला, "मास्तर, माज्याकडनं पाप झालं." त्या शुक्रवारी त्याने नावेचा तो डबा ओवाळला होता. डब्यात देव येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने काळा कागद सोडला, झाकण काढलं आणि निरांजन आतवर फिरवलं. "झाकल्याल्या द्येवाला कसं ओवाळायचं मास्तर? काळ्या कागदात गुंडाळल्याला मला बघवंना. एवढीशी ज्योत, म्हटलं काय हुतंय!" न धुतलेल्या फिल्मला एवढीशी ज्योतही पुरते, हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं. तिच्यावर देव घेणारं कुणी उरलं नाही म्हणून अण्णांनी फिल्म तशीच धुऊन घेतली, तेव्हा तिच्या एका कडेने, शेवटपर्यंत, पांढरं धुकं पसरलेलं निघालं. नेमकं नावेच्या मागच्या टोकावर.

मी त्याला काय काय बोललो ते आज लिहवत नाही. डोळे गेले होते, आता शेवटचं कामही गेलं होतं, आणि दोन्हींचा राग काढायला एक गरीब माणूस समोर सापडला होता. मी अण्णांना निरोप पाठवला, की धोंडीबा डब्यांजवळ दिसला तर मी पुन्हा स्टुडिओत पाऊल टाकणार नाही. अण्णांनी त्याला फाटकावर बसवलं. माझं ऐकणं त्यांना भागच होतं, आजारी माणसाचा हट्ट तो.

पण शॉट पुन्हा घेता येईना. हौद रिकामा झाला होता, शिवाप्पा उसाच्या तोडणीला गावी गेला होता, आणि देव चिकटवणारा मी हा असा. तारीख ठरलेली होती. अण्णा स्वतः येऊन म्हणाले, "मास्तर, तो शॉट आहे तसाच घातलाय. धुक्यासकट." मी विचारलं, "देवाशिवाय?" ते म्हणाले, "देवाशिवाय." मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सिनेमा लागला त्याच्या चौथ्या दिवशी ही म्हणाली, "चला, जाऊन येऊ. तुमच्या हातचा आहे, बघता नाही आला तरी ऐका." परवावर पट्टी काढायचा दिवस आला होता आणि मला घरात बसवत नव्हतं. दुपारच्या तीनच्या खेळाला आम्ही गेलो. बायकांची बसायची जागा वेगळी होती. हिने मला पुरुषांच्या बाजूला कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाली, "जरा यांच्याकडे लक्ष असू द्या." मग ती कठड्यापलीकडे गेली. शेजारून घोंगडीचा आणि ओल्या मातीचा वास आला.

"पावणं, डोळ्याला काय झालं म्हणायचं?" तो माणूस मोठ्याने म्हणाला.

"भाजले."

"आन् बोलपट बघाय आलायसा?" मागची दोघं-तिघं हसली. तो मात्र हसला नाही. "बरं, असू द्या. मी सांगतो. मी बी पयल्यांदाच बघतोय. शाहूवाडीकडनं भात घिऊन आलतो, म्हटलं बघून जावं."

आणि तो खरंच सांगू लागला, आख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं. "आता नदी दिसाय लागली. ह्यो बाबा दोरी वळतोय. बायकू कावलीया त्येच्यावर, कावंल न्हाय तर काय करंल!" फ्रेम न् फ्रेम मला पाठ होती, पण मला वाटलं, मी हा सिनेमा पहिल्यांदाच ऐकतोय. शिवाप्पाचं काम आलं की खोकला थांबत होता. मी मनातल्या वहीत लिहीत होतो. दोरी वळतो: शांत. डोंगा डांबरतो: शांत. सिनेमातल्या बुवांचा उपदेश: खोकले, पोरं रडली. वही जुनंच सांगत होती, पण आज मला ते कळत होतं. संत 'मी संत' म्हणून उभा राहिला की बघणाऱ्याला काही करायला उरत नाही. तो आपल्यासारखा कामाला जुंपलेला दिसला की माणूस त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

पूर आला. वल्हं मोडल्याचा आवाज झाला. आता रिकामी नाव. आता हसतील. "अरं, द्येव कुठाय?" अशी आरोळी यायची मी वाट बघत होतो. शेजारचा म्हणाला, "उठला बघा... फळी पुसतोय... पुढं येऊन बसला." आणि एवढं बोलून तो गप्प झाला. थिएटरही गप्प झालं. इतकं, की मशीनच्या खोलीतली घरघर ऐकू येऊ लागली. माझ्या सगळ्या चमत्कारांना मिळून अशी शांतता कधी मिळाली नव्हती. मला राहवेना. मी त्याचा हात चाचपडून धरला. "पाहुणे, काय झालं? काय दिसतंय?"

तो हळू म्हणाला, "बसला की."

"कोण?"

"कोण म्हंजी? ज्येला जागा दिली त्यो."

माझ्या अंगावर काटा आला. पण जन्माची खोड जात नाही. मी विचारलं, "हात किती आहेत?"

"हात? दोनच की. दोनी हातानं वल्हं मारतोय."

"आणि मुकुट?"

"पुरात मुकुट कशाला हो? डोईवर घोंगड्याची खोळ हाय. पाठमोरा हाय, त्वांड न्हाय दिसत." मग म्हणाला, "धुकं लई हाय. पर हाय त्यो. नाव चालली की."

मी रडू लागलो. पट्टीच्या आत पाणी भरलं आणि दोन्ही डोळ्यांना खारं असं झोंबलं की मी कळवळलो. महिनाभर तिथे काही जाणवलं नव्हतं. त्या कळा सोसत असताना, आयुष्यात पहिल्यांदा, मी मनात म्हणालो, 'आता तू बस. माझं वल्हं मोडलंय. डोळे दे किंवा देऊ नकोस, मी मागे वळून सांगणार नाही.' एवढंच. याहून मोठी प्रार्थना मला आजही येत नाही. खेळ सुटल्यावर त्या माणसाने माझा दंड धरून गर्दीतून बाहेर आणलं, हिच्या हाती दिलं आणि म्हणाला, "वैनी, घ्या तुमचा माणूस. एस्टी चुकंल माजी." मी नाव विचारेपर्यंत तो गेलाही. मी हिला विचारलं, कसा होता गं? ती म्हणाली, "कसा म्हणजे? चारचौघांसारखा. एका वहाणेचा अंगठा तुटलेला होता."

पट्टी सुटली तेव्हा उजव्या डोळ्याला आधी खिडकी दिसली, मग डॉक्टर, मग ही. मी हिच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की डॉक्टर खाकरले. डावा डोळा अर्धाच आला. त्याच्या कडेला पांढरं धुकं राहिलं, ते आजही आहे. डॉक्टर म्हणाले, "एवढं वाचलं हेच पुष्कळ." मी त्यांना त्या झोंबण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, झोंबलं ते बरं लक्षण.

पहिला गेलो तो स्टुडिओच्या फाटकावर. धोंडीबा स्टुलावरून धडपडत उठला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने मला वरच्या वर धरलं. "मास्तर, काय करताय ह्ये!" मी म्हटलं, "तुझ्यावर अन्याय झाला माझ्याकडून. उद्यापासून डबे तुझे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग इकडेतिकडे बघून त्याने हळूच विचारलं, "पर मास्तर, त्या डब्यात द्येव आला का हो?" मी म्हटलं, "तू ओवाळलंस तेव्हाच आला होता." तो म्हणाला, "मला वाटलंच हुतं," आणि तपकिरीची चिमूट नाकाला लावली.

नंतर मी तो सिनेमा माझ्या डोळ्यांनी बघितला. खोटं कशाला लिहू? मला त्या फळीवर कुणी दिसलं नाही. पांढरट धुकं दिसलं, पुसलेली फळी दिसली, आणि रिकाम्या हातांनी पुढे बसलेला शिवाप्पा, मागे वळून न बघणारा. मग जुन्या खोडीने मी कडेला जाऊन लोकांची तोंडं बघितली. सगळं थिएटर एकाच ठिकाणी बघत होतं, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मी काहीही ठेवलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने हात जोडले. तिच्या मांडीवर शेंगांची पुडी तशीच पडली होती.

माझं कोडं सुटलं असं मी म्हणत नाही. पण जिथे मी पडद्यावर देव आणून बसवला होता, तिथे लोकांनी तार शोधली. आणि जिथे एका शेतकऱ्याने नुसती जागा पुसून दिली, तिथे ज्याचा त्याचा देव आला. त्याच्या येण्यात शिवाप्पाच्या मामाची रीत किती, धोंडीबाची ज्योत किती आणि आणखी कुणाचं किती, याचा हिशेब मी सोडून दिला आहे. मोडकं वल्हं उराशी धरून बसू नये, एवढं मात्र मी शिकलो.

पुढच्या शुक्रवारी ही देवळाला निघाली. दारात थांबली, पण काही बोलली नाही. मीच म्हटलं, "येतो." दर्शन झालं. मी काय बोललो देवीशी, ते तिच्या-माझ्यातच राहू दे. मग रीतीप्रमाणे घटकाभर टेकायला आम्ही पायरीशी आलो. हिने पदराने पायरी पुसली. आपल्यापुरती पुसून ती थांबली नाही, शेजारची हातभर जागाही पुसली आणि मग बसली. मी म्हटलं, "अगं, माझी कशाला पुसलीस? मी पुसली असती."

ती म्हणाली, "हाताला सवय आहे. इतकी वर्षं दोघांचीच पुसत आले."